फोटो विकत कोण घेतं? व्यावसायिक फोटोग्राफीत आपली वाट शोधताना

फोटोग्राफीत करिअर करायचं म्हणणाऱ्या मुलामुलींशी बोलायला लागलं की दोन प्रश्न लगेच येतात. कॅमेरा कोणता घेऊ? आणि वन्यजीव, फॅशन, लग्न, प्रवास यांतलं काय निवडू? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. माझा फोटो पैसे देऊन कोण घेणार आहे, आणि घेऊन त्याचं काय करणार आहे? आवडीचा विषय कोणता हे आपल्या मनाला विचारून कळतं. त्या विषयावर पोट कसं भरेल हे मात्र फोटो घेणाऱ्याकडे बघूनच कळतं.

एखादी नवी इमारत डोळ्यांसमोर आणा. तिथलं घर विकणाऱ्या एजंटला खोल्या प्रशस्त आणि उजेडाच्या दिसतील असे वीसेक फोटो हवे असतात, तेही उद्यापर्यंत. घर विकलं गेलं की त्या फोटोंचं काम संपलं. त्याच इमारतीच्या आर्किटेक्टला आठच फोटो पुरतात, पण ते तो पुढची कित्येक वर्षं आपल्या कामाचा दाखला म्हणून वापरणार असतो. मग फोटोग्राफर एक दिवस नुसता पाहणीला जातो, कोणत्या भिंतीवर ऊन कधी येतं ते टिपून ठेवतो, उभ्या रेषा कलू नयेत म्हणून टिल्ट-शिफ्ट लेन्स लावतो आणि संध्याकाळी आभाळात निळाई असताना आतले दिवे लागतात तेवढ्या थोड्या मिनिटांत मुख्य फोटो साधतो. पुढे कधी त्या इमारतीच्या भिंतीला तडा गेला तर विमा कंपनीला तड्याशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो लागतो. तिथे सुंदर दिसण्याला काही किंमत नसते, उलट जास्त सजवलेला फोटो संशयास्पद ठरतो. आणि तिथल्या रहिवाशांनी आंदोलन केलं तर वृत्तपत्राला त्यांचे चेहरे हवे असतात, इमारत मागे अंधूक दिसली तरी चालते.

इमारत तीच, कॅमेराही कदाचित तोच. पण या चौघांसाठी काम करणाऱ्यांचा दिवस वेगळा, दर वेगळा, लागणारी साधनं वेगळी आणि स्वभावही वेगळा. म्हणून वाट शोधताना विषयांची यादी बाजूला ठेवून घेणाऱ्यांकडे बघावं असं मला वाटतं.

सर्वांत ओळखीचा घेणारा म्हणजे कुटुंब. लग्न, नवजात बाळ, साखरपुडा, घरातल्या सगळ्यांचं एकत्र पोर्ट्रेट. इथे पैसे देणारा माणूस स्वतःच फोटोत असतो, आणि या कामाचं सगळं गणित त्या एका गोष्टीने ठरतं. त्याला तुमची प्रकाशरचना समजत नाही, समजायची गरजही नाही. आपली आजी हसताना मिळाली का, हे तो बघतो. कॅमेऱ्यासमोर अवघडलेल्या माणसाला दोन मिनिटांत मोकळं करणं हे इथलं पहिलं कौशल्य आहे, आणि ज्याला ते जमत नाही त्याला महागडी लेन्स वाचवू शकत नाही. घटना पुन्हा घडत नाही म्हणून दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा आणि जोडीला दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा आणखी एक कॅमेरा, ही इथे चैन नसते. शिवाय शूटचा दिवस हा कामाचा लहान भाग. दिवसभरात दोन-तीन हजार फ्रेम सहज होतात. त्या निवडून काही शेवर आणायच्या, रंग जुळवायचे, अल्बम लावायचा, यात त्याच्या कित्येक पट वेळ जातो. इथे शिरणं सोपं, त्यामुळे गर्दीही इथेच सर्वांत जास्त. काम हंगामी असतं आणि तोंडोतोंडी पसरतं. एका कुटुंबाला वेळेवर अल्बम मिळाला नाही तर ती बातमीही तितक्याच वेगाने पसरते.

दुसरा घेणारा म्हणजे धंदा. वस्तू, खाद्यपदार्थ, कपडे, कारखाने, हॉटेलं, कंपन्यांचे अधिकारी. इथे फोटोने काहीतरी विकलं जायला हवं. तुम्हाला एक ब्रीफ मिळतं: उजवीकडे मजकुरासाठी जागा सोडा, डब्याचा लाल रंग छापील डब्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, फोटो उभा आणि आडवा दोन्ही हवा. बाहेरून हे काम रुक्ष वाटतं. आत शिरल्यावर त्यात केवढी कारागिरी आहे ते कळतं, म्हणून यातलं एक साधं वाटणारं काम नीट बघू.

सरबताची काचेची बाटली. नवखा माणूस तिच्यावर समोरून फ्लॅश मारतो आणि बाटलीवर एक पांढरा चट्टा येतो, बाकी काही नाही. कारण काच गुळगुळीत आणि पारदर्शक असते. तिच्यात दिसतं ते तिच्या आजूबाजूला आणि पाठीमागे जे आहे तेच. म्हणून जाणता फोटोग्राफर काचेला उजेड देण्याच्या फंदात पडत नाही, काचेत जे जे दिसणार आहे त्याला उजेड देतो. बाटलीच्या मागे उजळलेला पांढरा पडदा ठेवायचा, पण तो फ्रेमपुरताच, आणि दोन्ही बाजूंना काळे कागद उभे करायचे. ते काळे कागद काचेच्या कडांमध्ये उतरतात आणि पेन्सिलीने काढावी तशी काळी बाह्यरेषा मिळते. उलट परिणाम हवा असेल तर मागे मधोमध काळा कागद ठेवून त्याच्या चारी बाजूंनी उजेड येऊ द्यायचा, मग काळोखात बाटलीच्या कडा चमकतात. एवढ्याने कडा झाल्या. लेबल कागदाचं, त्याला पुढून वेगळा उजेड लागतो. तो छोट्या आरशाने फक्त लेबलापुरता फेकतात. मागे असा काळा कागद असेल तर आतलं सरबत मळकट दिसतं, म्हणून बाटलीच्या आकाराचा पांढरा किंवा चंदेरी कागद कापून तो तिच्या पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा लपवतात, की रंग आतून उजळतो. थंडगार दिसावी म्हणून वर पाण्याचे थेंब हवेत. नुसतं पाणी ओघळून जातं, तेव्हा त्यात ग्लिसरीन मिसळून फवारतात. कॅमेरा केबलने संगणकाला जोडलेला असतो, आणि मागे क्लायंट उभा राहून पडद्यावर प्रत्येक फ्रेम बघत असतो. कडा, लेबल, सरबत यांचे वेगवेगळे फोटो काढून शेवटी ते एकत्र करतात. एका बाटलीत अख्खी सकाळ जाते.

हे वाचताना तुमचे हात शिवशिवले असतील तर हे क्षेत्र तुमचं असण्याची दाट शक्यता आहे. कंटाळा आला असेल तर तेही उपयोगी उत्तर आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. माणसांच्या गराड्यात खुलणारा फोटोग्राफर स्टुडिओत घुसमटतो, आणि बाटलीपुढे तासन्‌तास रमणाऱ्याला लग्नाच्या मांडवात दम लागतो.

तिसरा घेणारा म्हणजे वृत्तपत्रं, नियतकालिकं आणि वृत्तसंस्था. या वाटेचं आकर्षण सर्वांत मोठं आणि पगारी नोकऱ्या सर्वांत कमी, हे आधीच माहीत असलेलं बरं. २०१३ साली शिकागो सन-टाइम्स या दैनिकाने आपल्या फोटो विभागातल्या सगळ्या, म्हणजे २८ जणांना एकदम कमी केलं आणि वार्ताहरांना फोनवर फोटो काढायला शिकवलं. आज या क्षेत्रातले बरेच जण दिवसाच्या दराने किंवा प्रत्येक कामागणिक पैसे घेतात, आणि जोडीला दुसरं काहीतरी करतात. यात कमीपणा नाही, ही परंपरा जुनी आहे. १९३६ साली अमेरिकेतल्या स्थलांतरित आईचा जगभर गाजलेला फोटो काढणारी डोरोथिया लँग त्याआधी कित्येक वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत पोर्ट्रेट स्टुडिओ चालवत होती. परक्या माणसाला कॅमेऱ्यासमोर विश्वास कसा वाटू द्यायचा, याचा सराव तिला त्या स्टुडिओतच मिळाला असणार. अमेरिकन फोटोग्राफर गॉर्डन पार्क्सने एकीकडे गरिबीचं आणि वर्णद्वेषाचं चित्रण केलं, दुसरीकडे फॅशनचं काम केलं, आणि १९४८ पासून लाइफ नियतकालिकासाठी दोन्ही केलं. ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तियाओ सालगादो तर आधी अर्थतज्ज्ञ होते. कॉफीशी संबंधित एका आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून १९७३ मध्ये ते पूर्णवेळ फोटोग्राफीकडे वळले. मजूर, स्थलांतर, खाणी हे त्यांचे विषय बघितले की आधीचं शिक्षण वाया गेलं असं कुणी म्हणणार नाही. तुम्हीही दुसऱ्या शाखेतून येत असाल तर ती शाखा टाकून देऊ नका. नर्सला रुग्णालय आतून माहीत असतं, शेतकी पदवीधराला पीक माहीत असतं. ती माहिती असलेला फोटोग्राफर त्या विषयात दहा जणांच्या पुढे सुरू करतो.

आता चौथा घेणारा. याच्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला वाटतं खूप जणांची जागा इथेच आहे. संग्रहालयं, ग्रंथालयं, रुग्णालयं, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, विद्यापीठं. संग्रहालयात चित्राचा फोटो काढताना दोन बाजूंनी ४५ अंशांत समान उजेड देतात, रंगांचा तक्ता सोबत ठेवून एक फ्रेम घेतात, म्हणजे मूळ रंग नंतर कधीही ताडून बघता येतो. चित्राचा पृष्ठभाग तपासायचा असेल तेव्हा दिवा इतका तिरका लावतात की कुंचल्याचा प्रत्येक फटकारा आणि रंगाचा प्रत्येक पोपडा सावलीसकट दिसतो. रुग्णालयात शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा फोटो त्याच अंतरावरून, त्याच उजेडात, त्याच कोनातून घ्यावा लागतो, नाहीतर डॉक्टरला तुलनाच करता येत नाही. गुन्ह्याच्या जागी आधी सगळी जागा, मग वस्तूचा आजूबाजूशी संबंध, मग जवळून वस्तू, आणि तीही मोजपट्टीसह आणि मोजपट्टीशिवाय, असा क्रम पाळतात. या कामांत नाव होत नाही. पण पगार असतो, ठरलेली वेळ असते, आणि शिस्तीची आवड असणाऱ्याला खरं समाधान असतं. पदवी किंवा विशेष प्रशिक्षण विचारलं जातं ते प्रामुख्याने इथेच. बाकी क्षेत्रांत क्लायंट प्रमाणपत्र मागत नाही, काम बघतो.

आणि फोटोच्या व्यवसायात राहायला कॅमेरा हातात असलाच पाहिजे असंही नाही. मोठ्या शूटवर कॅमेरा आणि संगणक सांभाळणारा डिजिटल टेक्निशियन असतो, नंतर फोटोतले दोष काढून तो सफाईदार करणारा रिटचर असतो, प्रकाशनात फोटो निवडणारा संपादक असतो, शूटची जमवाजमव करणारा प्रोड्युसर असतो. ज्यांची नजर तयार आहे पण माणसांना उभं करणं, हुकूम सोडणं ज्यांना जमत नाही, त्यांनी या कामांकडे नाईलाज म्हणून बघू नये.

हात कुठे बसवायचा

घेणारा कोण हे साधारण ठरलं की त्याच्यासाठी आधीच काम करणाऱ्या कुणाकडे तरी असिस्टंट म्हणून राहा. हा सल्ला जुना आहे आणि अजूनही याहून चांगला मला माहीत नाही. पुढे फोटोग्राफर म्हणून गाजलेली बेरेनिस ॲबट पॅरिसमध्ये शिल्पकला शिकत होती. १९२३ साली ती मॅन रे या फोटोग्राफरच्या स्टुडिओत डार्करूमच्या, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन फोटो छापायच्या, कामाला लागली, फोटोग्राफीची काही माहिती नसताना. काही वर्षांतच तिचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला. असिस्टंटच्या कामात दिवे उचलणं, केबल गुंडाळणं, बॅटऱ्या भरणं एवढंच दिसतं. पण तिथे जे ऐकायला मिळतं ते कुठल्याही व्हिडिओत नसतं. पाऊस आला तेव्हा सिनियरने क्लायंटला काय सांगितलं? क्लायंटने ऐनवेळी आणखी दहा फोटो मागितले तेव्हा तो हो म्हणाला की वेगळे पैसे लावले? मॉडेल रडवेली झाली तेव्हा त्याने शूट थांबवलं का? हे शिकायला शेजारी उभं राहावं लागतं.

साधनांबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षी जितकं भाड्याने घेता येईल तितकं भाड्याने घ्या. विकत घ्यायचं ते प्रत्येक कामात लागणारं आणि बॅकअपचं: एक मधल्या पल्ल्याची लेन्स, एक चांगला फ्लॅश, आणि हार्ड डिस्क. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा नियम पहिल्याच शूटपासून पाळा.

पोर्टफोलिओत पंधरा-वीस फोटो पुरेत, आणि ते सगळे एकाच घेणाऱ्याकडे बघून निवडलेले असावेत. हॉटेलच्या मालकाला तुमचा वाघाचा फोटो कितीही आवडला तरी तो फोटो बघून काम देणार नाही, त्याला खोली आणि ताट बघायचं असतं. अजून कुणी काम दिलेलं नसेल तर स्वतःला ब्रीफ द्या. एखादी वस्तू घ्या, ती कुठे वापरली जाणार ते ठरवा, मजकुराची जागा सोडा, मुदत ठरवा, आणि खऱ्या कामासारखं पूर्ण करा. जे काम मिळावं असं वाटतं तेच दाखवा. आधी मिळालं ते सगळं दाखवत बसलात तर पुढेही तेच मिळत राहील.

दर, हक्क आणि कागद

सर्वांत जास्त चांगले फोटोग्राफर इथे गळतात, म्हणून जरा खोलात जाऊ. शेजारचा किती घेतो ते बघून दर लावणं ही सर्वत्र चालणारी पद्धत आहे आणि ती घातक आहे. आधी स्वतःचा वर्षाचा खर्च काढा: घर, साधनांची झीज, विमा, सॉफ्टवेअर, प्रवास, कर, आजारपणाची तरतूद. समजा तो १२० भाग आला (भाग म्हणजे हिशेबापुरतं धरलेलं पैशाचं कोणतंही एकक). आता वर्षात पैसे देणारे शूटचे दिवस किती? ३६५ नाहीत, २५० सुद्धा नाहीत. निवड, एडिटिंग, भेटी, कोटेशन, वसुली यांतच बहुतेक दिवस जातात. ८० दिवस शूटचे निघाले तर दिवसाचा दर दीड भागाच्या खाली आला की तुम्ही घरातून पैसे घालून काम करताय. २५० दिवस धरून हिशेब केला असता तर तोच दर अर्ध्या भागाहून कमी निघाला असता, आणि वर्षभर राबूनही हात रिकामे का, हे कळलं नसतं.

व्यावसायिक कामात दिवसाच्या दराखेरीज दुसरी एक गोष्ट विकली जाते, ती म्हणजे वापराचा परवाना. फोटो कुठे वापरणार, कोणत्या प्रदेशात, किती काळ, आणि दुसऱ्या कुणाला तो देता येईल की नाही, यावर त्याची किंमत ठरते. कंपनीच्या वेबसाइटवर वर्षभर राहणारा फोटो आणि पाच वर्षं देशभर होर्डिंगवर लागणारा फोटो काढायला तेवढेच कष्ट पडले असतील, पण दुसऱ्याने क्लायंटला मिळणारा फायदा कित्येक पट आहे. १९४७ साली रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सिमोर आणि जॉर्ज रॉजर यांनी मॅग्नम ही सहकारी संस्था काढली, ती मुळात याचसाठी की फोटोचे हक्क नियतकालिकाकडे न जाता काढणाऱ्याकडे राहावेत. एकच फोटो मग अनेकांना देता येऊ लागला. ऑर्डर देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मूळ मालक कोण, याबाबत मात्र देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. कुठे काढणारा मालक ठरतो, कुठे पैसे देणारा, आणि नोकरीत काढलेल्या फोटोला आणखी वेगळा नियम लागतो. त्यामुळे आपल्याकडचा कायदा वाचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे करारात स्पष्ट लिहा.

करार एका पानाचा असला तरी चालतो. किती फोटो, कोणत्या तारखेला, किती दुरुस्त्या दरात धरल्या, रॉ फाइली (कॅमेऱ्यातून निघालेल्या, काहीही संस्कार न केलेल्या मूळ फाइली) मिळणार की नाही, ॲडव्हान्स किती, तारीख रद्द झाली तर काय, आणि वापर कुठे व किती काळ. फोटोत ओळखू येणारा माणूस जाहिरातीत जाणार असेल तर त्याची लेखी संमती घ्या, मूल असेल तर पालकांची. ओळखीच्या माणसाकडून कागदावर सही घ्यायला संकोच वाटतो हे मला पुरतं ठाऊक आहे. पण ओळख टिकते तीही त्या कागदामुळेच.

फुकट कामाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. विषय तुम्ही निवडला असेल, फोटो तुमच्या पोर्टफोलिओसाठी हवे असतील, किंवा एखाद्या चांगल्या कामाला हातभार लावायचा असेल, तर आनंदाने करा. पण ज्या फोटोतून समोरचा कमावणार आहे तो फोटो "तुझं नाव होईल" या आश्वासनावर देऊ नका. तुमचं तर नुकसान होतंच, तुमच्यानंतर येणाऱ्याचाही दर शून्यापासून सुरू होतो.

एआयने हे सगळं संपवलं का, हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. २०२२ पासून नुसत्या वर्णनावरून चित्र तयार करणारी साधनं सर्वांच्या हातात आली आणि काही कामं खरोखरच जात आहेत. ऑफिसात हसत बसलेली अनोळखी माणसं, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं सफरचंद, असं कुणाचंही चालेल असं चित्र आता फोटोग्राफरकडून विकत घ्यायची गरज उरत नाही. जिथे नेमकी हीच नवरी, हीच जखम, हीच इमारत, हाच मोर्चा हवा असतो तिथे कुणीतरी प्रत्यक्ष हजर असावंच लागतं. फोटो खरा आहे याचा पुरावा मागणारा घेणाराही वाढतो आहे. लायका एम११-पी या २०२३ मध्ये आलेल्या कॅमेऱ्यात फोटो काढतानाच त्यावर डिजिटल सही उमटवायची सोय आहे, पुढे त्यात काय बदल केले हे त्यावरून तपासता येतं. वस्तूंच्या फोटोग्राफीचं काय होईल? साध्या कॅटलॉगचं काम कमी होईल असं मला वाटतं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने फक्त त्यावर अवलंबून राहू नये.

नोकरी असेल तर लगेच सोडू नका. सुट्टीच्या दिवशी कामं घ्या, त्यातला पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, आणि सहा महिन्यांचा घरखर्च साठल्यावर विचार करा. दरम्यान एक कागद घ्या आणि तुम्हाला हवं तसं काम आत्ता पैसे देऊन करून घेणाऱ्या दहा जणांची नावं लिहा. वन्यजीव फोटोग्राफरलाही ती यादी करता येते: पर्यटन संस्था, वनविभाग, निसर्गविषयक प्रकाशनं, कार्यशाळेला येणारे हौशी लोक. यादीतल्या प्रत्येकाने शेवटचे फोटो कधी आणि कसे वापरले ते बघा, आणि त्यातल्या एकाला चार ओळींचं पत्र लिहा. तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या कामात तुम्हाला काय कमी दिसलं, ते कसं सुधारता येईल, आणि सोबत त्याच प्रकारचे पाच फोटो. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा विनम्रपणे आठवण करा. मग यादीतलं पुढचं नाव.